गेम मध्येच बंद पडतो तेव्हा: ग्राफिक्स ड्रायव्हरचा दोष कसा ओळखावा आणि कसा दूर करावा

गेम ऐन रंगात आलेला असताना पडदा काळा होतो, आवाज एकाच सुरावर अडकतो आणि काही क्षणांत आपण पुन्हा डेस्कटॉपवर येतो. अशा वेळी बहुतेक जण तडक ग्राफिक्स कार्डाचा नवा ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यात दुवा साधणारा प्रोग्राम, उतरवून घेतात. कधी कधी तेवढ्याने काम भागतेही. पण दोष वीजपुरवठ्यात, तापमानात किंवा प्रोसेसरमध्ये असेल, तर हा उपाय म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा प्रकार होतो. म्हणून ड्रायव्हरला हात लावण्यापूर्वी विंडोजने या प्रसंगाची काय नोंद करून ठेवली आहे ते पाहावे.

त्यासाठी आत काय घडते हे थोडक्यात समजून घेणे उपयोगाचे ठरते. व्हिस्टापासून विंडोज ग्राफिक्स कार्डावर सतत पहारा ठेवते. कार्डाकडे सोपवलेले काम साधारण २ सेकंदांत पुढे सरकले नाही आणि ते मध्येच थांबवताही आले नाही, तर कार्ड अडकले असे मानून विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते. या व्यवस्थेला टीडीआर (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) म्हणतात. डेस्कटॉप त्यातून सावरतो. पण गेमने कार्डाच्या स्मृतीत मांडलेला सगळा पसारा पुसला गेलेला असल्यामुळे बहुतेक गेम 'डिव्हाइस हंग' किंवा 'डिव्हाइस रिमूव्ह्ड' असा संदेश देऊन बंद पडतात. ड्रायव्हर सावरू शकलाच नाही, तर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असे लिहिलेला निळा पडदा येतो. यातून कार्डाने वेळेत उत्तर दिले नाही एवढेच कळते. ते का दिले नाही, हे शोधायचे बाकीच असते.

स्टार्ट मेनूतून 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडावा, 'विंडोज लॉग्ज'मधील 'सिस्टिम' हा विभाग निवडावा आणि गेम बंद पडला त्या वेळेच्या आसपासच्या नोंदी वाचाव्यात. 'डिस्प्ले' या स्रोताची ४१०१ क्रमांकाची नोंद असेल, तर ड्रायव्हर प्रतिसाद देईनासा झाला होता आणि नंतर पूर्ववत झाला, असा तिचा अर्थ असतो. त्याच नोंदीत ड्रायव्हरचे नावही दिलेले असते आणि एनव्हिडियाच्या कार्डांवर ते एनव्हीएलडीडीएमकेएम असे दिसते. याउलट निळा पडदा न येता संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू झाला आणि मागे फक्त 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद राहिली, तर संशय आधी पॉवर सप्लायवर घ्यावा. 'अ‍ॅप्लिकेशन' या विभागात १००० क्रमांकाची नोंद असल्यास तिच्यातील 'फॉल्टिंग मॉड्यूल', म्हणजे चूक ज्या फाइलमध्ये झाली तिचे नाव, पाहावे. तिथे गेमचीच फाइल दिसत असेल आणि बाकीचे गेम व्यवस्थित चालत असतील, तर स्टीम या गेमविक्रीच्या अ‍ॅपमधून गेमच्या फाइल्स पडताळून घेणे हा पहिला उपाय ठरतो.

ड्रायव्हरवरच संशय पक्का झाला, तरी आधी कार्डाचे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) आणि अंडरव्होल्टिंग (कमी व्होल्टेजवर चालवणे) पूर्णपणे काढून टाकावे, पडद्यावर आकडे दाखवणारे ओव्हरले बंद करावेत आणि टास्क मॅनेजरमधील 'परफॉर्मन्स' टॅबवर कार्डाचे तापमान बघावे. महिनोन्महिने सुरळीत चाललेले ओव्हरक्लॉकिंग एखाद्या नव्या, जड गेममध्ये उघडे पडते आणि त्याचे खापर ड्रायव्हरवर फुटते. यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार बदल एकदम केले, तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

यानंतरचा प्रश्न असा की त्रास केव्हापासून सुरू झाला? ड्रायव्हर अद्ययावत केल्यानंतर लगेच सुरू झाला असेल, तर 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स'खालील कार्डाच्या 'प्रॉपर्टीज' उघडून 'ड्रायव्हर' टॅबवरील 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबावे. ते बटण फिकट दिसत असेल, तर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून आधीची आवृत्ती घ्यावी. नवी आवृत्ती म्हणजे चांगली आवृत्ती, हे समीकरण ड्रायव्हरच्या बाबतीत नेहमी खरे नसते. आपल्या गेमसाठी काही सुधारणा केली असेल किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल, तेव्हाच आवृत्ती बदलावी, असे माझे मत आहे. प्रत्येक आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपणात ज्ञात त्रुटींची यादी असते आणि ती वाचायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आवृत्ती बदलूनही उपयोग झाला नाही, तर जुन्या ड्रायव्हरचे अवशेष मुळापासून काढून नवी स्थापना करावी. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे डीडीयू, ही मोफत उपयुक्तता त्यासाठी प्रचलित आहे. हे काम घाईने करू नये. हवा तो ड्रायव्हर आणि डीडीयू हे दोन्ही आधी उतरवून ठेवावेत. संगणकावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यावरून कागदावर उतरवून घ्यावी, कारण सेफ मोडमध्ये (फक्त अत्यावश्यक ड्रायव्हर घेऊन विंडोज सुरू होण्याच्या पद्धतीत) जाताना ती विचारली जाऊ शकते आणि त्या क्षणी ती हाताशी नसेल तर मूळ दुखणे बाजूला राहून नवेच संकट उभे राहते. त्यानंतर इंटरनेट तोडावे. ते चालू राहिले, तर जुना ड्रायव्हर निघाल्याबरोबर विंडोज अपडेट स्वतःकडचा ड्रायव्हर बसवून मोकळे होते.

आता शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' निवडावे आणि 'ट्रबलशूट', 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', 'स्टार्टअप सेटिंग्ज' या मार्गाने पुन्हा 'रीस्टार्ट' करून यादी आल्यावर ४ हा आकडा दाबावा. सेफ मोडमध्ये डीडीयू उघडून 'जीपीयू' आणि कार्डाची कंपनी निवडावी व 'क्लीन अँड रीस्टार्ट' दाबावे. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर चित्र मोठे आणि ओबडधोबड दिसले तरी घाबरू नये. त्या वेळी मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर काम सांभाळत असतो. मग उतरवून ठेवलेला ड्रायव्हर बसवावा, संगणक पुन्हा एकदा सुरू करावा आणि त्यानंतरच इंटरनेट जोडावे. पहिल्यांदा गेम उघडताना शेडर, म्हणजे कार्डावर चालणारे चित्र रंगवण्याचे छोटे प्रोग्राम, नव्याने तयार होत असल्यामुळे तो काही काळ अडखळतो. ती बिघाडाची खूण नव्हे.

लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर 'सेटिंग्ज'मधील 'डिस्प्ले'खाली 'ग्राफिक्स' उघडून त्या गेमसाठी 'हाय परफॉर्मन्स' निवडले आहे ना, एवढे पाहावे.

टीडीआरची मुदत वाढवण्यासाठी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या अंतर्गत नोंदवहीत, 'टीडीआर डिले' हा आकडा बदलण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तासन्‌तास चालणाऱ्या रेंडरिंगच्या कामात त्याचा उपयोग होऊ शकतो. गेमच्या बाबतीत मात्र २ सेकंदांऐवजी १० सेकंद गोठलेला पडदा पाहण्यापलीकडे सहसा काही हाती लागत नाही. ही सोय चाचणीसाठी आहे, असे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केलेले आहे.

एक फसवे प्रकरण येथे नोंदवणे भाग आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांवर अनरियल इंजिन या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर आधारलेले गेम सुरू होताना व्हिडिओ मेमरी संपल्याचा संदेश येऊन बंद पडत, आणि लोक साहजिकच ग्राफिक्स ड्रायव्हर बदलत बसत. दोष प्रोसेसरला वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेज मिळण्याशी जोडलेला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये इंटेलने त्यावर नवा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतील सूचनासंच, दिला आणि तो मदरबोर्डच्या बायोस (संगणक सुरू करणारा मूळ प्रोग्राम) अपडेटमधून मिळतो. परंतु आधीच झिजलेला प्रोसेसर त्याने बरा होत नाही, म्हणून कंपनीने या प्रोसेसरांची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. आपल्याकडे असा प्रोसेसर असेल, तर डीडीयूपूर्वी बायोसची आवृत्ती तपासावी.

हे सारे करूनही ४१०१ची नोंद येतच राहिली, तर कार्ड दुसऱ्या एखाद्या संगणकात बसवून तोच गेम चालवून पाहावा. तिथेही तसेच झाले, तर ड्रायव्हरचा नाद सोडावा आणि इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी फाइलमध्ये जतन करून, खरेदीच्या पावतीसह, वॉरंटीसाठी विक्रेत्याकडे जावे.