कोकणातील घरासाठी शिबा घ्यावा की अकिता?

शिबा इनू आणि अकिता या कुत्र्यांच्या दोन्ही जपानी जाती स्पिट्झ गटातील आहेत. ताठ त्रिकोणी कान, पाठीवर वळलेली शेपूट आणि दुहेरी केसांचा दाट थर दोघांनाही असतो, आणि दोघेही स्वतःच्या मर्जीने चालतात. रत्नागिरी, देवगड किंवा गुहागरच्या बाजूला घर असणाऱ्याने मात्र निवड करताना कुत्र्याच्या रूपाआधी आपल्या घराची रीत पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आकारातील फरक मोठा आहे. शिबाचा नर खांद्यापाशी 38 ते 41 सेंमी उंच आणि सुमारे 10 किलो वजनाचा असतो, तर अकिताचा नर 64 ते 70 सेंमी उंच असून अमेरिकन वळणाचा, म्हणजे अमेरिकेत घडलेल्या जड वंशाचा, असल्यास 45 किलोंच्याही पुढे जातो. शिबा झुडपांतून पक्षी आणि लहान जनावरे उठवण्यासाठी पाळला जाई. अकिता उत्तर जपानच्या बर्फाळ डोंगरांत अस्वल आणि रानडुक्कर अडवून धरत असे. धन्याच्या हुकुमाची वाट न पाहता जागच्या जागी निर्णय घेणे हे दोघांचेही काम होते, त्यामुळे हाक ऐकूनही न ऐकल्यासारखे करणे हा त्यांचा खोडसाळपणा नसून पिढ्यान्‌पिढ्यांचा स्वभाव आहे.

आता घराची रीत. गणपतीत आरतीला अख्खी वाडी घरात येते, शिमग्यात पालखी अंगणात नाचते आणि एरवीही शेजारची काकी हाक न मारता मागच्या दाराने आत येते. अकिताच्या दृष्टीने ही घुसखोरी असते. तो फारसा भुंकत नाही, उठून वाटेत उभा राहतो, आणि नवख्या माणसाला ही शांतता भुंकण्यापेक्षा जास्त फसवी ठरते. हाचिको या अकिताने 1925 साली धनी वारल्यानंतर 1935पर्यंत टोकियोच्या शिबुया रेल्वे स्थानकावर त्याची वाट पाहिली, ही गोष्ट ऐकून अनेकांना ही जात हवीशी वाटते. पण एका माणसावरची निष्ठा आणि आल्यागेल्याचे स्वागत हे दोन वेगळे गुण आहेत. शिबाची अडचण याच्या नेमकी उलट आहे: त्याला पाहुण्यांशी देणेघेणे नसते, उघड्या राहिलेल्या दाराशी मात्र असते. एकदा तो निसटला की कंबरेएवढा गडगा त्याला अडवू शकत नाही आणि पहिली चाहूल शेजाऱ्यांच्या कोंबड्यांना लागते. म्हणून शिबा घ्यायचा असेल तर आधी कुंपण उंच करावे आणि फाटकाच्या आत दुसरे लहान फाटक बसवावे. अकिता घ्यायचा असेल तर सणासुदीला त्याला ठेवण्यासाठी बंद, हवेशीर खोली आहे का, ते पाहावे.

हवामानाबाबत विक्रेते ‘एसी लावा, झाले’ असे सांगतात. पावसाळ्यात वादळाने वीज गेली की ती केव्हा येईल याचा नेम नसलेल्या गावात हा सल्ला कुचकामी आहे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जिभेवरील आणि श्वासमार्गातील ओलावा उडवून शरीर थंड करतो. किनाऱ्यावरील दमट हवेत हा ओलावा नीट उडत नाही, त्यामुळे पारा 33 अंशांवर असतानाही जनावर उष्माघाताच्या उंबरठ्यावर येऊ शकते. शरीर जितके मोठे तितकी आतील उष्णता बाहेर पडणे कठीण, म्हणून या कसोटीवर अकिता स्पष्टपणे मागे पडतो. उष्म्याच्या दिवसांत फिरणे सूर्योदयाआधी उरकावे. सकाळी उशिरा कातळावर न्यायचे असल्यास हाताची पालथी बाजू कातळावर ठेवून पाहावी. ती काही सेकंदही ठेववत नसेल तर पंजेही भाजतात. उन्हाळा आला म्हणून केस भादरू नयेत, कारण वरचा थर उन्हापासून वाचवतो. आतील गळणारी लव विंचरून काढणे पुरेसे असते. पावसात भिजलेली ही लव मुळापर्यंत कोरडी केली नाही, तर कातडीवर चट्टे उठतात आणि केसांच्या गर्दीत दडलेले गोचीड हाताला लागत नाहीत.

दोन्ही जातींना सारखाच लागू असलेला एक मुद्दा कोकणातील स्वयंपाकघराशी निगडित आहे. कांदा कोणत्याही कुत्र्याला वर्ज्यच, परंतु या जपानी जातींतील अनेक कुत्र्यांच्या तांबड्या पेशींमध्ये आनुवंशिकतेने पोटॅशियम जास्त असते आणि अशा पेशी कांद्याने अधिक सहज फुटतात. माशाच्या कालवणातील भात कुत्र्याला घालण्याची सवय असलेल्या घरात कांदा-खोबऱ्याचे वाटण त्याच्या ताटलीत हमखास जाते, तेव्हा हे आजीला पहिल्याच दिवशी समजावून सांगावे. याच पेशींमुळे रक्ताचा नमुना दूरच्या प्रयोगशाळेत उशिरा पोहोचल्यास अहवालात पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसू शकते. डॉक्टरांना कुत्र्याची जात आवर्जून सांगावी.

माझा कौल असा: घरात दिवसभर धडधाकट माणूस असेल, कुंपण पक्के असेल आणि हट्टी जनावराशी न चिडता वागता येत असेल, तर शिबा निभावतो. अकिता त्यानेच घ्यावा ज्याने पूर्वी मोठे कुत्रे सांभाळले आहे आणि ज्याच्या वाटेवर मोकाट कुत्र्यांच्या टोळ्या नाहीत, कारण दुसऱ्या कुत्र्याने, विशेषतः नराने नराला, आव्हान दिल्यास अकिता सहसा माघार घेत नाही आणि तेव्हा पट्टा धरणाऱ्याच्या खांद्याची परीक्षा होते. चाकरमान्यांनी गावच्या घराला राखण म्हणून यांपैकी कोणतेही पिल्लू म्हाताऱ्या आईवडिलांच्या गळ्यात घालू नये. त्या कामाला वाडीतले गावठी पिल्लू सरस आहे, आणि फुकट मिळते.

खरेदी करताना पिल्लाची आई प्रत्यक्ष पाहावी. 2017च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असावी लागते. तो कागद मागितल्यावर टाळाटाळ झाली तर तिथूनच परतावे. तोंडावर काळा मुखवटा असलेला अकिता अमेरिकन वळणाचा समजावा; जपानी अकिताच्या गालांवर आणि छातीवर पांढरट छटा असते. शिबालाही तशी छटा असते. पिल्लू दिवाळीनंतर आणावे, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी त्याला हवेची सवय होते. आणि लसींच्या वेळापत्रकात रेबीजसोबत पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून पसरणाऱ्या लेप्टोची लस आहे ना, याची खात्री करून तिचा वार्षिक डोस मृगाच्या आधी टोचून घ्यावा.