गोसेखुर्दच्या पाण्यातून आंभोऱ्याकडे बोट नेताय? या चुका टाळा

वैनगंगेवरचं गोसेखुर्द धरण भरलं की समोरचा काठ पुसट होतो. एवढं पाणी पाहून बोट नाकासमोर हाकायची, हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

या पाण्याखाली शेतं आहेत, विहिरी आहेत, उठलेल्या गावांची जोती आहेत आणि झाडांचे बुंधे आहेत. धरण पूर्ण भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून 245.5 मीटर असते आणि बुंधा खोल राहतो. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तोच बुंधा पृष्ठभागाच्या जेमतेम वीतभर खाली उरतो आणि गढूळ पाण्यात दिसतही नाही. दिवाळीत जिथून बिनघोर गेलात, तीच वाट एप्रिलमध्ये पंख्याचं पातं तोडते.

म्हणून नदीचं जुनं पात्र धरा. गूगल अर्थमध्ये धरण भरण्याआधीच्या वर्षांची चित्रं उघडली की वैनगंगेची वळणं स्पष्ट दिसतात. प्रत्येक वळणाची खूण मोबाइलच्या जीपीएसमध्ये टाका. पुढे बसणाऱ्याच्या हातात तीन मीटरचा बांबू द्या, त्यावर दर अर्ध्या मीटरला रंगाचा पट्टा मारा. दुसऱ्या पट्ट्यावर, म्हणजे मीटरभर पाण्यावर आलात, की वेग कमी करा. काठावरच्या ढिवर (मासेमार) बांधवांना विचारायला लाजू नका. डोंगा कुठे घासतो हे त्यांना नकाशापेक्षा जास्त ठाऊक असतं.

पुढे जाताना इंजिनचा टिल्ट लॉक, म्हणजे इंजिन वर उचलू न देणारी खिट्टी, लावून ठेवू नका. तो फक्त रिव्हर्ससाठी. मोकळा असेल तर बुंधा लागल्यावर इंजिनचा पाय वर उचलला जातो. लॉक असेल तर बोटीची मागची फळी फाटते.

इंजिन जोरात फिरतंय, पण बोट जागची हलत नाही? लहान इंजिनमध्ये बहुधा पंखा दांड्याला जोडणारी शिअर पिन तुटलेली असते. ती मुद्दाम नरम धातूची असते, धक्का तिनं खावा म्हणून. तिच्या जागी खिळा ठोकला की पुढचा धक्का थेट गिअरला बसतो. दोन पिना, दोन कॉटर पिना आणि पक्कड डब्यात ठेवा.

आंभोऱ्याच्या संगमाकडे सरकलात की जलपर्णी वाढते. कारण उघड आहे: नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत मिळते. जलपर्णीचा थर फाडून जायचा मोह टाळा. मुळं इंजिनच्या पाणी ओढायच्या जाळीवर बसतात आणि गारवा देणारं पाणी थांबतं. हे आवाजावरून कळत नाही, मागे वळून पाहावं लागतं: इंजिनच्या अंगातून पाण्याची बारीक धार पडत असते. धार थांबली की लगेच इंजिन बंद करा, वर उचला आणि जाळी साफ करा. तरी धार येत नसेल तर भोकात बारीक तार घाला. त्यानंही जमलं नाही, तर पंपाचं रबरी इम्पेलर गेलंय; वल्हं घ्या आणि काठ गाठा.

पाण्यात ओळीनं तरंगणारे थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या दिसल्या तर खाली जाळं आहे. टोकाला वळसा घालून जा. नायलॉनचा धागा पंख्यामागे गुंडाळला की ऑइल सील कापतो, गिअरचं तेल ताकासारखं पांढरट होतं. परत आल्यावर पंखा काढून बघाच.

पाच-दहा मिनिटं चालून इंजिन गुदमरतं आणि पेट्रोलच्या नळीतला फुगा चपटा पडलेला असतो, तेव्हा बिघाड शोधू नका. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय. टू-स्ट्रोक असेल आणि पुस्तिकेत 50:1 लिहिलं असेल, तर 5 लिटर पेट्रोलला 100 मिली तेल. अंदाजानं ओतू नका.

पेट्रोलचा हिशेब किलोमीटरवर करणारे फसतात. बोट ताशी 8 किलोमीटर, प्रवाह ताशी 4 धरा. 10 किलोमीटर वर जायला अडीच तास, उतरायला 50 मिनिटं. एकूण तीन तास वीस मिनिटं, संथ पाण्यात हेच अडीच तासांत झालं असतं. टाकीचा तिसरा हिस्सा जाण्याला, तिसरा येण्याला, उरलेल्याला हात लावायचा नाही.

आंभोऱ्याला वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्या भेटतात. खालून येताना वैनगंगा उजवीकडे, कन्हान डावीकडे. पाणी एकमेकांना कापतं तिथे आडवे जाऊ नका, नाक प्रवाहाकडे ठेवून हळूहळू ओलांडा. प्रवाहात पाण्यावर इंग्रजी व्ही दिसतो. टोक प्रवाहाच्या खालच्या बाजूला असेल तर वाट आहे, टोक वरच्या बाजूला असेल तर तिथेच खडक आहे. पावसाळ्यात इकडे थेंब नसला तरी वर सिवनीकडच्या संजय सरोवरातून पाणी सुटू शकतं. काड्या, फेस आणि रंग बदललेलं पाणी दिसलं की काठ धरा.

थांबायचं असेल तर नांगर नेहमी नाकाकडून टाका. मागून बांधलेली बोट प्रवाहाकडे पाठ करते. मागची बाजू आधीच इंजिननं जड झालेली, पाणी तिथूनच चढतं आणि बोट बसते. चार मीटर पाण्याला दोर किमान वीस मीटर, वारा असेल तर अठ्ठावीस. दोराचं दुसरं टोक बोटीच्या कडीला आधी बांधा, मग नांगर सोडा.