लिफ्ट केलेल्या थारचा पुढचा एक्सल: बदलण्याआधी बूट बघा

घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या लिफ्ट केलेल्या, म्हणजे सस्पेन्शन बदलून उंच केलेल्या थारला वळताना पुढून कटकट ऐकू येऊ लागली, की बरेच जण थेट दोन्ही पुढचे एक्सल (चाकं फिरवणारे शाफ्ट) मागवतात. घाई करू नका. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून, आधी एका बाजूला मग दुसऱ्या बाजूला, गाडी हळू गोल फिरवा. कटकट असेल, तर बाहेरचा सीव्ही जॉइंट (शाफ्टच्या चाकाकडच्या टोकाचा, चाक वळलं तरी ते फिरवणारा सांधा) झिजला आहे. तो जॉइंट किंवा अख्खा शाफ्ट बदलाच, नवं ग्रीस भरून झीज भरून येत नाही. पण आवाज नाही, नुसता जॉइंटवरचा रबरी बूट (ग्रीस आत ठेवणारं घड्यांचं आवरण) फाटलाय आणि चाकाच्या आत ग्रीस उडालंय, तर जॉइंट खोलून धुवा, गोळ्या आणि खाचा तपासा. त्यांवर खड्डे पडलेले नसतील, तर मॉलिब्डेनमचं ग्रीस आणि नवा बूट पुरे. हे पावसाळ्याआधीच करा, कारण फाटक्या बुटातून चिखल शिरला की जॉइंट फार टिकत नाही.

मूळ कारण मात्र लिफ्टमध्येच असतं. गाडी उचलली की शाफ्टचा कोन वाढतो, बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात. डिफरन्शियल (दोन्ही शाफ्टना ताकद वाटून देणारी मधली गिअरपेटी) खाली घेऊन कोन कमी करणारा किट बसवला नाही, किंवा लिफ्ट थोडी कमी केली नाही, तर नवा एक्सलही त्याच वाटेने जाईल.

शाफ्ट काढलाच आहे तर डिफरन्शियलचं ऑइल सील आणि हबचा (चाक बसतं त्या भागाचा) नट नवाच घाला. नट टॉर्क रेंचनेच (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळा, इम्पॅक्ट गनने नको. शेवटी चाकांचं अलाइनमेंट करून घ्या.