पुस्तकांसाठी चिकट फिल्म घेताना आधी काय बघायचं?

आमच्या वस्तीतलं वाचनालय मी सांभाळते. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पालक हमखास विचारतात, "ताई, कव्हरसाठी कोणती फिल्म घेऊ?" मी सांगते, जाडी नंतर बघा, आधी प्लॅस्टिक कोणतं ते बघा.

नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, गेलात की मऊ, ताणला जाणारा, नव्या रेनकोटसारखा वास येणारा स्वस्त रोल पुढे येतो. तो बहुतेक पीव्हीसीचा. पीव्हीसी लवचिक राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घालतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांवर गेला की ते बाहेर सुटतं, मुखपृष्ठाची शाई सैल करतं आणि कपाटातली पुस्तकं एकमेकांना धरून बसतात. देणगीत आलेली अशी एक जोडी सोडवली, तर एकाच्या नावाची अक्षरं दुसऱ्याच्या पाठीवर उमटलेली. फार वाईट वाटलं.

म्हणून पॉलिप्रॉपिलीनची फिल्म मागा. ती हातात कडक लागते, चुरगाळली की कुरकुरते. शंका असेल तर छोटा तुकडा कापा, चिकट बाजू आत दुमडून हवा दाबून काढा आणि पाण्यात बुडवा. पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलकं, ते वर येतं. पीव्हीसी तळाशी जातं. गोंद अॅक्रिलिकचाच हवा, कारण रबरी गोंद कालांतराने पिवळा पडतो. रोलच्या कडेवरून बोट फिरवा. बोट चिकटलं तर गोंद उन्हाने बाहेर आलाय, तो रोल ठेवून द्या.

जाडीचं म्हणाल तर साध्या पेपरबॅकला 40-50 मायक्रॉन पुरे, रोज दप्तरात जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाला 70-80. पातळ मुखपृष्ठावर जाड फिल्म लावू नका. पावसाळ्यात कागद आतून दमट होऊन फुगतो, बाहेरची फिल्म फुगत नाही, मग मुखपृष्ठ बाहेरच्या बाजूला वळतं. कूलरसमोरच्या कपाटात तर हे उन्हाळ्यातही होतं.

लावताना पंखा बंद. चारही बाजूंनी तीन सेंटीमीटर जास्त ठेवा, मागचा कागद थोडा थोडाच सोडा आणि मऊ कापडाने मधून कडेकडे दाबत चला. पुठ्ठा आणि कणा यांच्यामधल्या खाचेत फिल्म नखाने नीट बसवा. तिथे ताणून लावली तर पुस्तक उघडताना तिथूनच सुटते. नवखे असाल तर लगेच घट्ट न धरणारा, उचलून पुन्हा लावता येणारा प्रकार घ्या.

जुन्या, पुन्हा न मिळणाऱ्या किंवा लेखकाची सही असलेल्या पुस्तकाला मात्र कोणतीच चिकट फिल्म नको. ती काढताना वरचा छापील थर सोबत येतो. त्याला बिनचिकट पॉलिएस्टरचं पारदर्शक जॅकेट घाला, कडा आत दुमडा आणि टेप पुस्तकाला कुठेही लागू देऊ नका.