ज्यूंचा शासकीय छळ वर्गात कसा शिकवावा

दहावीच्या समाज विज्ञानात नाझीवाद आला की आपण थेट विषारी वायूच्या कोठड्यांपाशी पोहोचतो. मुले हादरतात, पण हे घडले कसे ते त्यांना उमगत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी शाळांतील सहकाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की हा पाठ सरकारी आदेशांच्या तारखांनुसार शिकवावा.

कारणे थोडक्यात सांगावीत. ज्यूंविषयीचा धार्मिक द्वेष युरोपात जुनाच होता. एकोणिसाव्या शतकात तो वंशावर आणून ठेवला गेला, त्यामुळे धर्म बदलूनही सुटका उरली नाही. पहिल्या महायुद्धातला जर्मनीचा १९१८चा पराभव आणि नंतरची आर्थिक पडझड यांचे खापर ज्यूंच्या माथी फोडले गेले. तरीही ‘मंदीमुळे छळ झाला’ असे उत्तर मान्य करू नये, कारण मंदी इतर देशांतही होती. जर्मनीत द्वेष हेच धोरण असलेल्या नाझी पक्षाच्या हाती १९३३च्या जानेवारीत सत्ता गेली. तेव्हा तिथे ज्यू सुमारे पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी होते. हा आकडा तास संपेपर्यंत फळ्यावर राहू द्यावा.

मग ७ एप्रिल १९३३चा कायदा घ्यावा. त्याने ज्यूंना सरकारी नोकरीतून काढले, पण पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना सूट दिली. ती सूट १९३५च्या अखेरीस काढून घेतली गेली. त्या सप्टेंबरात न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले व जर्मनांशी विवाहाला बंदी घातली. नोव्हेंबरात ज्यू कोण हे ठरले: चार आजी-आजोबांपैकी किमान तिघे ज्यू असलेला. इथे घाई करू नये. ते आजी-आजोबा ज्यू होते की नाही, हे त्यांच्या धर्मावरून ठरत असे. वंशाचा एवढा गाजावाजा करणाऱ्या सरकारला पुरावा शेवटी धर्माच्या नोंदींतच शोधावा लागला.

१९३८मध्ये ज्यूंच्या पारपत्रांवर लाल ‘जे’, म्हणजे ज्यू या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर, उमटले. ९ नोव्हेंबरच्या रात्री प्रार्थनास्थळे जळाली, सुमारे तीस हजार पुरुष छळछावण्यांत गेले आणि नुकसान सोसलेल्या ज्यूंवरच शंभर कोटी मार्कांचा दंड बसला. १५ नोव्हेंबरला ज्यू मुलांना जर्मन शाळांतून काढले. हे सांगताना मी हजेरीपट उघडून एका कोऱ्या ओळीवर बोट ठेवतो आणि नाव कोणी खोडले असेल, असे विचारतो. वर्गात कोणीतरी हळूच म्हणते, “सरांनीच.”

‘ते देश सोडून का गेले नाहीत?’ हा प्रश्न येतोच. युद्धापूर्वी निम्म्याहून अधिक गेले होते. पण जुलै १९३८मध्ये निर्वासितांच्या प्रश्नावर फ्रान्समधील एव्हियाँ येथे जमलेल्या बत्तीस देशांपैकी बहुतेकांनी दारे उघडली नाहीत. १९४१च्या सप्टेंबरात ज्यूंना कपड्यांवर पिवळा तारा लावणे सक्तीचे झाले आणि ऑक्टोबरात बाहेर जाण्यासच बंदी आली. सोव्हिएत भूमीवर सामूहिक हत्या त्या उन्हाळ्यातच सुरू झाल्या होत्या, म्हणून जानेवारी १९४२मध्ये बर्लिनमधील वान्सी येथे झालेल्या नाझी अधिकाऱ्यांच्या बैठकीला ‘सुरुवात’ म्हणू नये. तिथे त्या हत्यांच्या कामाची सरकारी खात्यांमध्ये जुळवाजुळव झाली. एकूण सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले.

कोणत्याही मुलाच्या छातीवर तारा लावून प्रसंग रंगवू नये, आणि कोणाला स्वतःच्या घराण्याची वंशावळही काढायला लावू नये. आपल्या वर्गांत त्यातून जात बाहेर येते. सीमाभागातली मुले भाषेच्या वादाशी तुलना करतात. त्यांना गप्प बसवू नये, फळ्यावरचा प्रत्येक आदेश वाचून आपल्याकडे असे काय घडले आणि काय घडले नाही, हे त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश निर्वासित छावणीचा विषयही कोणीतरी काढतेच. तिथले निर्वासित बहुतेक ख्रिस्ती होते आणि सोव्हिएत हद्दपारीतून आले होते, म्हणून तो विषय वेगळ्या तासाला घ्यावा.