डिसेबिलिटी पेन्शन नाकारली? अपील आणि मेडिकल बोर्डाची तयारी

निवृत्त सैनिकाला रेकॉर्ड ऑफिसचं (रेजिमेंटच्या सेवा-नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाचं) डिसेबिलिटी पेन्शन नाकारल्याचं पत्र आलं की आधी त्यातलं कारण शोधा. एक तर आजार सेवेमुळे झाला नाही नि वाढलाही नाही असं म्हटलेलं असतं, नाहीतर अपंगत्व २० टक्क्यांच्या आत दाखवलेलं असतं. पहिलं अपील सहा महिन्यांत पाठवायचं, त्यामुळे पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का जपून ठेवा.

अपील लिहिण्याआधी माहिती अधिकारात, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, रिलीज मेडिकल बोर्डाची, म्हणजे सेवा सोडताना झालेल्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत (फॉर्म एएफएमएसएफ-१६) मागवा. मराठा लाइट इन्फंट्रीवाल्यांनी अर्ज बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे करावा. ही प्रत न वाचता लिहिलेलं अपील म्हणजे अंधारातला गोळीबार.

भरतीच्या वेळी त्या आजाराची नोंद नव्हती ना? मग धरमवीर सिंग प्रकरणातला सुप्रीम कोर्टाचा २०१३चा निकाल दाखवा: आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करायची जबाबदारी सैनिकावर नाही. मात्र २१ सप्टेंबर २०२३पासून नवे नियम आहेत. त्यानंतर सेवा सोडली असेल तर एवढ्याच मुद्द्यावर विसंबू नका. बीपी असेल तर तो पहिल्यांदा आढळला तेव्हा पोस्टिंग फील्डला होतं की उंचावरच्या भागात, ते तारखांसह लिहा. दुखापतीला इंज्युरी रिपोर्ट (आयएएफवाय-२००६) लागतोच.

टक्केवारीवर भांडायचं तर हिशेब समजून घ्या. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के मिळतात. २० ते ४९ टक्के हे ५० धरले जातात, म्हणजे १५ टक्के हातात. १९ला मात्र भोपळा! म्हणून फेरतपासणी मागा.

बोर्डापुढे जाताना मूळ कागद, दोन झेरॉक्स संच आणि दवाखान्याच्या डिस्चार्ज स्लिपा तारखेनुसार लावून न्या. नुसतं ‘गुडघा दुखतो’ म्हणू नका. मांडी घालता येते का, जिना चढताना कठडा धरावा लागतो का, किती वेळ उभं राहवतं, ते सांगा आणि लिहून घ्यायला लावा. वाढवूनही सांगू नका. ऐकण्याच्या चाचणीत मुद्दाम उशिरा बटण दाबलं तर आलेख जुळत नाही, आणि मग खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

पहिलं अपील फेटाळलं तर सहा महिन्यांत दुसरं, त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं. वर्षानुवर्षं थांबून दावा लावलात, तर थकबाकी साधारण मागच्या तीनच वर्षांची मिळते.