ट्रेमधला हट्टी आयकॉन बदलताय? मग या चुका टाळा

थीम बदलली, पॅनेल छान एकरंगी झालं, आणि कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये, म्हणजे चालू ॲप्सचे छोटे आयकॉन बसतात त्या जागी, एकच ॲप आपला भडक निळा गोळा मिरवत बसलंय. पंगतीत सगळे धोतर-उपरण्यात आणि एकजण बूट घालून बसावा, तसं. लिनक्सवर पेपिरस किंवा न्यूमिक्ससारखी आयकॉन थीम लावणाऱ्या बहुतेकांनी हे पाहिलंय. मग चिडून टर्मिनल उघडलं जातं, आणि खरा घोळ तिथून सुरू होतो.

नीट वागणारं ॲप चित्र मागत नाही, चित्राचं नाव सांगतं. फ्रीडेस्कटॉप या लिनक्स डेस्कटॉपसाठी समान नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाच्या आयकॉन थीमच्या नियमांनुसार त्या नावाचा शोध चालू थीममध्ये होतो, मग ती थीम ज्यांच्यावर बेतली आहे त्यांच्यात, आणि शेवटी हायकलर या सर्वांच्या आधार-थीममध्ये. हार्डकोडेड ॲप नाव सांगतच नाही. ते स्वतःच्या फोल्डरातल्या फाइलचा अख्खा पत्ता देतं, किंवा चित्र प्रोग्रॅमच्या पोटातच घेऊन येतं.

न बघताच हार्डकोडेड ठरवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. अनेकजण मेन्यूतला आयकॉन आणि ट्रेमधला आयकॉन एकच समजतात. मेन्यूतला आयकॉन ॲपच्या डेस्कटॉप फाइलमधल्या (मेन्यूसाठी ॲपची माहिती लिहिलेली छोटी मजकूर-फाइल) एका ओळीवरून ठरतो. ती फाइल होममधल्या (म्हणजे तुमच्या स्वतःच्या फोल्डरातल्या) ॲप्लिकेशन्स फोल्डरात उतरवून ओळ बदलली की काम झालं. ट्रेला त्या ओळीशी काही देणंघेणं नाही.

ट्रेमध्ये काय चाललंय ते विचारता येतं. केडीई आणि इतर बरेचसे डेस्कटॉप आज स्टेटस नोटिफायर आयटम ही पद्धत वापरतात; ती डी-बसवर, म्हणजे ॲप्स एकमेकांना निरोप देतात त्या वाटेवर, चालते. डी-स्पाय किंवा डी-फीट हे डी-बस तपासायचं साधन उघडा, सेशन बसवर (तुमच्या चालू लॉगिनच्या डी-बसवर) स्टेटस नोटिफायर वॉचर शोधा. नोंदलेल्या सगळ्या आयटमची यादी तिथे असते. तुमच्या ॲपच्या आयटममध्ये 'आयकॉन-नेम'पुढे साधं नाव दिसलं, तर हार्डकोडिंग नाहीच, तुमच्या थीममध्ये त्या नावाचं चित्र नाही इतकंच. होममधल्या हायकलर फोल्डरात त्याच नावाची फाइल टाका. नावाऐवजी पूर्ण पत्ता दिसला, तर खरोखर हार्डकोडेड. नाव रिकामं आणि 'आयकॉन-पिक्समॅप'मध्ये आकड्यांचा ढीग असेल, तर ॲप थेट चित्राचे ठिपके पाठवतंय. मूळ फाइल ॲपच्या आत शोधावी लागेल. आणि पत्ता तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरातला असेल, तर ती फाइल बदलण्यात अर्थ नाही, ॲप पुढच्या वेळी नवी बनवेल.

यादीत ॲपच सापडलं नाही, तर ते जुन्या एक्सएम्बेड पद्धतीने ट्रेमध्ये बसलं असण्याची शक्यता मोठी. तिथे एस-ट्रेस लावून ॲप कोणत्या चित्रफाइली उघडतंय ते पाहायचं.

चित्र टाकलं तरी जुनंच दिसतं

फाइल बरोबर जागी, नाव बरोबर, तरी फरक शून्य. बहुतेकदा हा कॅशेचा, म्हणजे आधीच साठवून ठेवलेल्या आयकॉन-यादीचा खेळ असतो. जीटीके (अनेक लिनक्स ॲप्सच्या खिडक्या-बटणं बनवणारी लायब्ररी) थीमच्या कॅशेची तारीख थीमच्या मुख्य फोल्डरच्या तारखेशी ताडून बघतं. तुम्ही फाइल टाकता आतल्या उपफोल्डरात, त्याने मुख्य फोल्डरची तारीख हलत नाही. म्हणून जुना कॅशे खरा मानला जातो आणि नवी फाइल जणू नाहीच. जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅशे ही आज्ञा सक्तीच्या पर्यायासह चालवा, मग ॲप पूर्ण बंद करून सुरू करा. खिडकी मिटली म्हणजे ॲप बंद झालं असं नाही. ट्रेवाली ॲप्स मागे चालूच असतात.

सिमलिंकवर कॉपी मारणं

ही माझी स्वतःची करामत. एका ॲपच्या फाइलीच्या जागी मी आधी थीममधल्या आयकॉनची सिमलिंक, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नुसती खूण, केली होती. काही महिन्यांनी ते विसरून त्याच जागी दुसरं चित्र साध्या सीपी या कॉपीच्या आज्ञेने टाकलं, अर्थात सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या हक्काने. सीपी सिमलिंकवर थांबत नाही. तिच्यामागे जाऊन मूळ फाइलवर लिहितं. थीममधलाच आयकॉन पुसला गेला आणि त्यावर बेतलेले आणखी तीन आयकॉन बदलले. थीम पुन्हा इन्स्टॉल केली तेव्हा सुटलो. त्यामुळे आधी एलएस-एल या आज्ञेने फाइल लिंक आहे का ते पाहा, लिंक असेल तर ती काढा, मग नवी फाइल ठेवा. मूळ फाइलची प्रत वेगळ्या फोल्डरात असू द्या.

एसव्हीजीला पीएनजीचं नाव देणं

ॲपला पीएनजी (ठिपक्यांचं चित्र) हवं असतं, थीममध्ये एसव्हीजी (रेषांच्या वर्णनातून बनणारं चित्र) असतं. मग फाइलच्या नावाचं नुसतं शेपूट बदलून काम भागवलं जातं. काही लायब्ररी आतला मजकूर तपासून चित्र ओळखतात, काही नावावर विश्वास ठेवतात. दुसऱ्या प्रकारात ट्रेमध्ये रिकामी जागा उरते. आरएसव्हीजी-कन्व्हर्ट ही आज्ञा किंवा इंकस्केप हे चित्रांचं ॲप वापरून खरंखुरं पीएनजी बनवा, आणि मूळ फाइल ज्या मापाची होती त्याच मापाचं. पॅनेलमध्ये साधारण १६, २२ आणि २४ पिक्सेलची मापं चालतात. १२८ चं चित्र आकसून २२ वर आलं की पुसट दिसतं. पीएनजीमध्ये रंग गोठतो हेही ध्यानात असू द्या. गडद पॅनेलसाठी केलेला पांढरा आयकॉन उजळ पॅनेलवर दिसेनासा होतो.

एकाच फाइलवर थांबू नका. चॅटच्या ॲपला न वाचलेल्या निरोपाचं चित्र वेगळं असतं, सिंक करणाऱ्याला चालू, थांबलं, बिघडलं अशी वेगवेगळी. पण सगळ्यांच्या जागी एकच सुंदर चित्र टाकू नका, नाहीतर सिंक बंद पडलेलं तुम्हाला आठवड्याने कळेल.

अपडेटचा विचार न करणं

पॅकेजच्या फाइलींवर हात फिरवला की पुढच्या अपडेटमध्ये सगळं पूर्ववत. डेबियन, उबंटू, मिंटवर यासाठी डीपीकेजी-डायव्हर्ट आहे: पॅकेजची मूळ फाइल ते दुसऱ्या नावाने बाजूला ठेवायला लावतं आणि अपडेटनंतरही तुमची फाइल टिकते. आर्चवर पॅकमन या पॅकेज मॅनेजरच्या कॉन्फिगमध्ये 'नो-एक्स्ट्रॅक्ट' लिहिता येतं. ड्रॉपबॉक्ससारखं ॲप मात्र होममध्येच राहतं आणि स्वतःच स्वतःला अपडेट करतं, तिथे पॅकेज मॅनेजरचं काही चालत नाही. हार्डकोड-ट्रे नावाची पायथन स्क्रिप्ट अशा अनेक ॲप्सचे पत्ते ओळखते आणि बॅकअपही घेते, पण ॲपने आतली मांडणी बदलली की तिचाही नेम चुकतो.

स्नॅप आणि फ्लॅटपॅक ही ॲप्स वेगळ्या बंदिस्त पॅकेजात देण्याच्या पद्धती. स्नॅपच्या फाइली स्क्वॅशएफएस या फक्त वाचता येणाऱ्या गठ्ठ्यात बंद असतात, लिहिता येतच नाही. फ्लॅटपॅकमध्ये रूट (प्रशासक) होऊन लिहिता येतं, आणि तेच वाईट: त्या फाइली ओएसट्रीच्या (फ्लॅटपॅक फाइली साठवतं त्या यंत्रणेच्या) भांडाराशी हार्डलिंकने जोडलेल्या असतात, म्हणजे एकाच फाइलला दोन नावं, त्यामुळे जागच्या जागी बदल केला की भांडारातली प्रतही बिघडते. तसं केलं असेल तर फ्लॅटपॅक रिपेअर चालवा.

असारमध्ये थेट ढवळाढवळ

इलेक्ट्रॉनची, म्हणजे वेबच्या तंत्राने बनवलेली डेस्कटॉप ॲप्स आपला पसारा बहुधा एका असार फाइलमध्ये बांधतात. तिच्या सुरुवातीला प्रत्येक फाइलची जागा आणि लांबी लिहिलेली असते. हेक्स एडिटरने वेगळ्या लांबीचं चित्र मध्येच घुसवलं की पुढच्या सगळ्या जागा सरकतात आणि ॲप सुरूच होत नाही. असार हेच नाव असलेल्या साधनाने गठ्ठा सोडा, चित्र बदला, पुन्हा बांधा. मूळ गठ्ठ्याशेजारी 'अनपॅक्ड' फोल्डर असेल तर बांधताना तेच भाग बाहेर ठेवायला विसरू नका.

आणि नोम या डेस्कटॉपवर ट्रेमध्ये आयकॉनच दिसत नसेल, तर चित्राच्या मागे लागू नका. नोमने ३.२६ पासून, म्हणजे २०१७ मध्ये, जुना ट्रे काढून टाकला. ट्रेचे आयकॉन दाखवणारं ॲपइंडिकेटरचं एक्स्टेन्शन चालू आहे का ते आधी बघा.